१९४३ चे स्टीलचे सेंट इतके चकचकीत असतात का?

एडिसनकर
नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत असतो. गेल्या रविवारी इथल्या एका फ्ली मार्केटात तीन नाण्यांचा सेट घेतला, १९४३ चे लिंकन सेंट, फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तीन टांकसाळींचे, छोट्या प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये बसवलेले. विकणारा म्हणाला एकदम कोरे आहेत, कधी वापरलेच नाहीत. घरी लेकीने फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं तर टपकन चिकटले, दोघंही खूश. पण आता निवांत बघतोय तर तिन्ही बाथरूमच्या नळासारखे चमकतायत. माझ्याकडे त्याच सालचा आधीपासून एक सेंट आहे, शेजारच्या आजोबांनी दिलेला, तो राखाडी आणि जरा डागाळलेला. मग खरा कुठला? आणि आजोबांचा पितांबरीने हलक्या हाताने घासला तर चालेल का?

जुनीनाणी
पितांबरी अजिबात नको!! तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ठेवा ती. राखाडी आहे तोच बहुतेक मूळ रूपात असणार, घासलात की संपला.

आता नीट सांगतो. युद्धात दारूगोळ्याला तांबं लागत होतं म्हणून १९४३ मध्ये अमेरिकेने सेंट स्टीलचा काढला, वरून जस्ताचा पातळ थर. तिन्ही टांकसाळी मिळून १०० कोटींच्या वर पाडले, त्यामुळे साल जुनं असलं तरी नाणं दुर्मिळ नाही. भानगड अशी झाली की जस्त लवकर काळवंडतं आणि ते उडालं की खालचं स्टील गंजतं. मग नंतरच्या काळात लोकांनी असली गंजलेली नाणी ढिगाने घेऊन ॲसिडमध्ये टाकली, जुनं जस्त काढलं, परत जस्ताचा नाहीतर क्रोमचा मुलामा दिला आणि तीन-तीनचे सेट करून विकले. पातेल्याला कल्हई करून आणावी तसं. तुमच्या हातात बहुतेक तेच आलेत.

ओळखायचं असेल तर क्रम लक्षात ठेवा. टांकसाळीत आधी जस्त चढलेला पत्रा होता, त्यातून चकत्या कापल्या, मग छाप मारला. म्हणजे कापलेल्या कडेला जस्त नाहीच, तिथे उघडं स्टील. नाणं उभं धरून भिंगातून कड बघा, मूळ नाण्याला मधे गडद पट्टा आणि दोन्ही बाजूंना जस्ताच्या बारीक फिकट रेघा दिसतात, सँडविचसारखं. नंतर मुलामा दिलेल्याचं उलटं, तिथे छाप आधी आणि थर नंतर, म्हणून कडसुद्धा नाण्याच्या तोंडाइतकीच (छाप असलेल्या बाजूइतकीच) चकचकीत, सगळीकडे एकच रंग.

सोनारगल्ली
वर सांगितलंय ते बरोबर, मी थोडी भर घालतो. लोहचुंबकावर जाऊ नका, नंतर मुलामा दिला तरी आत स्टीलच आहे, चिकटणारच. वजनानेही काही कळत नाही, मूळ साधारण २.७ ग्रॅम, आणि मुलाम्याने पडणारा फरक इतका किरकोळ की सोनाराच्या काट्यावरसुद्धा छातीठोक सांगता येणार नाही. चुंबक आणि काटा कामाला येतात ते तांब्याचा १९४३ सापडला असं कोणी सांगायला आलं की. तांब्याचा सेंट ३.११ ग्रॅमचा. चुकून ब्राँझच्या (म्हणजे जवळपास तांब्याच्याच) चकत्यांवर पडलेले अगदी मोजके आहेत. एका शाळकरी मुलाला १९४७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला शाळेच्या कॅन्टीनमध्ये सुट्ट्या पैशात तसा मिळाला होता, तो २०१९ च्या लिलावात २ लाख ४ हजार डॉलरला गेला. म्हणून मग लोक स्टीलच्यालाच तांब्याचा मुलामा देतात, नाहीतर १९४८ च्या ८ चा कोरून ३ करतात.

कड बघून झाली की बल्बखाली नाणं हळूहळू गोल फिरवा. मूळ कोऱ्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे सोबत फिरतात कारण छाप मारताना जस्त दाबाखाली सरकलेलं असतं. मुलामा दिलेलं नाणं फक्त आरशासारखं चमकतं, उजेड फिरत नाही. लिंकनचे केस, गालाचं हाड, मागच्या गव्हाच्या ओंब्यांच्या रेघा बघा, थराखाली बुजून मऊ झालेल्या असतात.

वालचंदनगर
म्हणजे बनावटच ना मग? पैसे परत मागा सरळ, सोडू नका.

जुनीनाणी
बनावट नाही हो, नाणं टांकसाळीचंच आहे, वरचा थर तेवढा नंतरचा. 'मुलामा दिलेला' असं सांगून दोन-तीन डॉलरला विकला तर माझी हरकत नाही, लहान मुलांना दाखवायला छान आहे. कोरा म्हणून विकणं ही मात्र सरळ फसवणूक आणि मला तिचा खरंच राग येतो, कारण नवीन माणूस पहिल्याच खरेदीत पोळला की छंदच सोडून देतो. ग्रेडिंगला, म्हणजे तज्ज्ञांकडून नाण्याची प्रत ठरवून घ्यायला, पाठवायचा खर्चही करू नका, पृष्ठभाग बदललेला म्हणून साधी ग्रेड मिळणार नाही.

एक सांगू का, याच्या शेजारी आपला १९४३ चा भोकाचा पैसा ठेवा. तोही त्याच युद्धातला, धातू वाचवायला मधोमध भोक पाडलेलं. गावाकडच्या डब्यात अजून सापडतो.

एडिसनकर
खूप आभार सगळ्यांचे. काल रात्री भिंग घेऊन बसलो. नवीन तिन्हींची कड पूर्ण चकचकीत, रेघ नाही की पट्टा नाही, आणि डेन्व्हरवाल्याच्या तारखेजवळ चमकीच्या खाली बारीक खड्डे दिसले, म्हणजे आधी गंजलेला होता. आजोबांच्या सेंटला मात्र कडेला दोन फिकट रेघा आणि मधे काळपट पट्टा, अगदी लिहिलं तसंच! लेकीला दाखवलं तर तिने स्वतःच चारही वेगळे करून दिले. आता तो जपायचा कसा? इथे उन्हाळ्यात दमट असतं.

सोनारगल्ली
नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, कडेने धरायचं, घामानेसुद्धा गंजतो. पाण्याने धुऊ नका. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, कडक कॅप्सूल घ्या आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, दर दोन-तीन महिन्यांनी बदला. भोकाचा पैसा तुमच्याकडे नसेल तर कळवा, माझ्याकडे दोन जास्तीचे आहेत, लेकीसाठी एक पाठवतो.