आइसलँडचं उदाहरण राहून गेलं

"ठेवी बुडवणारा बँकर दहशतवाद्यापेक्षा कमी नाही, लावा त्याला तेच कायदे" ही मागणी नेहमी ऐकू येते, आणि संताप म्हणून ती पटते. पण हे एकदा करून झालंय. ऑक्टोबर 2008 मध्ये आइसलँडची लान्ड्सबँकी ही बँक कोसळली आणि तिच्या 'आइससेव्ह' या ऑनलाइन बचत खात्यांत तीन लाखांच्या आसपास ब्रिटिश ठेवीदार अडकले. 8 ऑक्टोबरला ब्रिटनमधल्या पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांच्या सरकारने बँकेची मालमत्ता गोठवली, ती 2001 च्या दहशतवादविरोधी, गुन्हे व सुरक्षा कायद्याखाली!

गंमत म्हणजे कायदा वाकवला असंही धड म्हणता येत नाही. त्याच्या दुसऱ्या भागात परदेशी माणसाकडून 'ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेला हानी' एवढं कारण पुरतं, दहशतवादाचा संबंध लागतच नाही. म्हणजे ही सोय मसुद्यातच करून ठेवलेली.

ट्रेझरीच्या, म्हणजे ब्रिटनच्या अर्थखात्याच्या, निर्बंध यादीत ही बँक थेट अल-कायदा, तालिबानच्या पंगतीत जाऊन बसली. शिक्का मात्र बसला तो अख्ख्या देशावर. जेमतेम सव्वातीन लाख वस्ती, त्यातल्या 80 हजारांवर लोकांनी 'आम्ही दहशतवादी नाही' म्हणून सह्या केल्या, पोराबाळांसकट फलक धरून फोटो काढले. मालमत्ता गोठवण्याचा आदेश उठायला जून 2009 उजाडलं.

आणि ब्रिटनच्या घरचा बँकर फ्रेड गुडविन, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचा (आरबीएस) प्रमुख? आरबीएसला सरकारी पैशावर आणून सोडलं, तरी त्याला यातलं एकही कलम लागलं नाही. 2012 मध्ये नाइटहूड, म्हणजे 'सर' ही पदवी, तेवढी काढून घेतली.