मदत हवी आहे: ओव्यांच्या टिपणांसाठी डोकुविकी, पण देवनागरी फाइलनावांचं काय करू?

नमस्कार मंडळी,

आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या मी तीनेक वर्षं टिपतेय. वह्या झाल्या, वर्ड फाइली झाल्या. आता सगळं लॅपटॉपवरच्या डोकुविकीत (विकिपीडियासारखी एकमेकांना जोडलेली पानं लिहायचं मोफत सॉफ्टवेअर) आणलंय. डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे साधी मजकूर-फाइल, आणि जुन्या आवृत्त्या आपोआप राहतात. एखाद्या ओवीचा पाठभेद खोडला तरी महिन्याभराने परत मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

अडचण पानांच्या नावांची. नाव देवनागरीत दिलं की फाइलच्या नावात टक्केचिन्हांची लांबलचक रांग येते. एका अक्षरचिन्हाचे नऊ वर्ण होतात, आणि फाइलच्या नावाची मर्यादा २५५ची. म्हणजे साधारण २७ चिन्हांतच नाव संपतं, काना-मात्रा धरून! ओवीची पहिली ओळ शीर्षक म्हणून द्यायची सोयच उरत नाही. सेटिंगमध्ये यूटीएफ-८चा (फाइलच्या नावात देवनागरी अक्षरं जशीच्या तशी ठेवणारा) पर्याय दिसतो, पण आधीची जवळजवळ चारशे पानं आहेत. पर्याय बदलल्यावर ती सापडतील ना? नावं एकगठ्ठा बदलायची सोपी रीत कुणी वापरली आहे का?

दुसरं, अर्धवट पानं कशी ओळखता? मराठी विकिपीडियावर कच्च्या कामाला धूळपाटी असते, तसा मी ‘धूळपाटी’ नावाचा वेगळा विभाग केलाय. पण तिथून पान हलवलं की त्याच्याकडे येणारे दुवे तुटतात. त्यापेक्षा पान जागेवरच ठेवून वर ‘कच्चं’ अशी खूण करावी का? आजी ८६ वर्षांची आहे, रोज नव्या ओव्या आठवतात तिला, म्हणून घाई आहे.