अँड्र्यू जॅक्सन: लोकशाहीचा विस्तार आणि मूलनिवासींची हकालपट्टी वेगवेगळी तोलता येतात का?

मृण्मयी (धागाकर्ती):

अमेरिकेचे सातवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन (१८२९ ते १८३७) यांचे मूल्यमापन करताना बहुतेक जण जमाखर्चाची वही उघडतात. सामान्य माणसाचे राजकारण, बँकेच्या मक्तेदारीविरुद्धचा लढा आणि संघराज्याचे रक्षण जमेला. मूलनिवासींची हकालपट्टी आणि गुलामगिरी खर्चाला. मग वजाबाकी करून उरेल तो माणूस थोर की क्रूर हे ठरवायचे. मला ही पद्धतच मान्य नाही, कारण जमेकडे लिहिलेले पुष्कळसे खर्चाच्या बाजूच्या लोकांकडूनच हिसकावलेले आहे.

१८१४ मध्ये हॉर्सशू बेंड येथे जॅक्सन यांनी क्रीक जमातीच्या बंडखोर गटाचा पराभव केला. त्यानंतरच्या फोर्ट जॅक्सनच्या तहात त्यांनी सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन लिहून घेतली, आणि त्यात जे क्रीक त्यांच्याच बाजूने लढले होते त्यांचीही जमीन गेली. पुढे याच प्रदेशात कापसाचे मळे उभे राहिले आणि त्यांवर गुलाम राबले. २८ मे १८३० रोजी जॅक्सन यांनी सही केलेला स्थलांतराचा कायदा म्हणजे हेच धोरण मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील सगळ्या जमातींना लावणे होय. ज्या गोऱ्या शेतकऱ्याला त्यांनी राजकारणाच्या केंद्रस्थानी आणले, त्याला देऊ केलेली मुख्य गोष्ट जमीन होती, आणि ती कोणाची होती हे त्यांना पुरते ठाऊक होते.

रानवारा:

आपल्या मांडणीशी मी सहमत नाही. जॅक्सन यांच्याआधीचे सहाही राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनिया किंवा मॅसॅच्युसेट्स या दोन राज्यांतले आणि प्रतिष्ठित घराण्यांशी नाते सांगणारे होते. जॅक्सन कॅरोलायनाच्या सीमेवरच्या वस्तीत जन्मले, चौदाव्या वर्षी ब्रिटिशांच्या कैदेत असताना अधिकाऱ्याचे बूट साफ करण्यास नकार दिल्याबद्दल त्यांनी तलवारीचा वार झेलला, आणि त्याच वर्षी ते अनाथ झाले. १८२४ च्या निवडणुकीत सर्वाधिक मते त्यांनाच मिळाली होती, पण निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि जॉन क्विन्सी ॲडम्स अध्यक्ष झाले. ज्या हेन्री क्ले यांच्या पाठिंब्यावर ते अध्यक्ष झाले, त्यांनाच परराष्ट्रमंत्रिपद मिळाले. चार वर्षांनी मतदारांनी ज्या संख्येने बाहेर पडून हा निकाल फिरवला, त्याचे मोल कमी लेखू नये.

बँकेच्या प्रकरणाचा आपण नुसता उल्लेख केलात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. युनायटेड स्टेट्सच्या दुसऱ्या बँकेत सरकारी ठेवी असत, पण तिच्या भांडवलाचा फक्त पाचवा हिस्सा सरकारचा होता. बाकीचे भागधारक खासगी होते आणि त्यांत परदेशी मंडळीही होती. बँकेचे अध्यक्ष निकोलस बिडल यांनी मुदत संपण्याच्या चार वर्षे आधीच सनदेच्या नूतनीकरणाचा अर्ज केला, कारण निवडणुकीच्या वर्षात जॅक्सन नकार देणार नाहीत असा त्यांचा हिशेब होता. १० जुलै १८३२ रोजी जॅक्सन यांनी नकाराधिकार वापरला. श्रीमंतांना अधिक श्रीमंत आणि बलवानांना अधिक बलवान करण्यासाठी कायदे होतात, तेव्हा शेतकऱ्याला, कारागिराला आणि मजुराला तक्रार करण्याचा अधिकार आहे, असे त्यांनी त्या संदेशात लिहिले. पुढे सरकारी ठेवी काढल्या जाऊ लागल्यावर बिडल यांनी कर्जे आखडून बाजाराची कोंडी केली, आणि बिनजबाबदार हाती केवढी सत्ता होती हे त्यांनी स्वतःच सिद्ध केले. लोकांनी निवडून दिलेला माणूस पैशाच्या सत्तेपुढे झुकला नाही, हे मी आजही आदरानेच लिहीन.

जुना वाचक:

रानवारा यांनी बँकेच्या प्रकरणाची दुसरी बाजू सोडली आहे. ठेवी हलवण्यास नकार देणाऱ्या अर्थमंत्री डुएन यांना जॅक्सन यांनी पदावरून दूर केले, आणि पैसा राज्यांतल्या मर्जीतल्या बँकांकडे गेला. त्या बँकांनी बेसुमार कर्जे वाटली, जमिनीची सट्टेबाजी फोफावली. १८३६ मध्ये सरकारी जमिनीची किंमत सोन्याचांदीतच घेण्याचा हुकूम निघाला आणि १८३७ मध्ये बाजार कोसळला. त्यात इंग्लंडमधल्या पतटंचाईचाही वाटा होता, हे मान्य. पण ज्या मजुराच्या नावाने लढा दिला, तोच शेवटी बेकार झाला.

मताधिकाराबद्दलही नेमकेपणा हवा. मालमत्तेची अट बहुतेक राज्यांनी जॅक्सन अध्यक्ष होण्यापूर्वीच शिथिल केली होती. न्यू यॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्या पुरुषांसाठी ती जवळजवळ काढून टाकली आणि त्याच दस्तऐवजात कृष्णवर्णीय पुरुषांसाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट घातली. जॅक्सन यांच्या पक्षाने नव्या मतदाराला संघटित केले एवढे श्रेय निर्विवाद आहे, मतदार निर्माण केल्याचे नाही.

आणि एक कागद प्रत्येकाने स्वतः वाचावा असे मला वाटते. १८०४ मध्ये जॅक्सन यांनी टेनेसीच्या वर्तमानपत्रात पळालेल्या गुलामासाठी जाहिरात दिली. पकडून देणाऱ्यास ५० डॉलर बक्षीस. शिवाय त्याला मारलेल्या दर शंभर फटक्यांमागे १० डॉलर जास्त, तीनशे फटक्यांपर्यंत. पळालेला माणूस परत मिळवणे हा मालकाचा व्यवहार म्हणून त्या काळात खपत असे, पण परक्या माणसाला फटक्यांच्या हिशेबाने पैसे देऊ करणे हा काळाचा नव्हे, माणसाचा गुण आहे.

रानवारा:

त्या जाहिरातीचे समर्थन मी करणार नाही, आणि कोणी करूही नये. तरीही राष्ट्राध्यक्षाचे मूल्यमापन त्याच्या राज्यकारभारावर व्हावे आणि त्याच्या पिढीला उपलब्ध असलेल्या पर्यायांत व्हावे. जॉर्जियातले गोरे वसाहतवाले थांबणारे नव्हते. दुसरा कोणी अध्यक्ष असता तरी जमातींची जमीन गेलीच असती. संघराज्याचे मात्र तसे नव्हते. साउथ कॅरोलायनाने १८३२ मध्ये केंद्राचे आयात शुल्क आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवले, तेव्हा १० डिसेंबरच्या जाहीरनाम्यात जॅक्सन यांनी स्पष्ट बजावले की शस्त्रबळाने फुटून निघणे हा देशद्रोह आहे. ते स्वतः दक्षिणेतले, गुलामांचे मालक. तरी डगमगले नाहीत. १८६१ मध्ये आपले पहिले अध्यक्षीय भाषण लिहिताना लिंकन यांनी हाच जाहीरनामा समोर ठेवला होता.

तटस्थ:

१८३२ चाच आणखी एक प्रसंग शेजारी ठेवावा लागेल. चेरोकी जमातीच्या प्रदेशात राज्याच्या परवान्याशिवाय राहिल्याबद्दल जॉर्जियाने सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्याला चार वर्षांची सक्तमजुरी ठोठावली होती. ३ मार्च १८३२ रोजी सरन्यायाधीश मार्शल यांच्या न्यायालयाने निकाल दिला की चेरोकी प्रदेशात जॉर्जियाचा कायदा लागूच होत नाही. ‘मार्शल यांनी निकाल दिला आहे, आता त्यांनीच तो अमलात आणावा’ हे वाक्य जॅक्सन यांच्या नावावर खपते, पण ते त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी छापले गेले आणि त्याला विश्वसनीय आधार नाही. तांत्रिकदृष्ट्या त्या घडीला अध्यक्षांनी अमलात आणावा असा कोणताही आदेश न्यायालयाने त्यांना दिलेला नव्हता, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

परंतु एप्रिलमध्ये मित्र जॉन कॉफी यांना लिहिलेल्या पत्रात हा निकाल मेलेलाच जन्मला आहे, असे त्यांनी खरोखर लिहिले. म्हणजे केंद्राचे शुल्क धुडकावणाऱ्या राज्यावर सैन्य धाडण्याची तयारी, आणि केंद्राचे तह व सर्वोच्च न्यायालय धुडकावणाऱ्या शेजारच्या राज्याला मोकळीक. त्यांचे संघराज्यप्रेम मला खरे वाटते, पण कायद्याच्या राज्याबद्दलची निष्ठा मात्र त्यात दिसत नाही.

मृण्मयी:

रानवारा यांच्या ‘दुसरा कोणी असता तरी’ या मुद्द्याला उत्तर देते. १८३० चा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला. न्यू जर्सीचे सिनेटर फ्रेलिंगहायसन त्याविरुद्ध तीन दिवसांत मिळून सहा तास बोलले, स्त्रियांनी काँग्रेसकडे अर्ज पाठवले आणि जॅक्सन यांच्याच टेनेसीतून निवडून आलेल्या डेव्ही क्रॉकेट यांनी विरोधी मत दिले. पाच मतांनी निभावलेल्या कायद्याला ‘त्या काळाची रीत’ म्हणता येत नाही. अध्यक्षांनी पक्षाची सारी ताकद लावली म्हणून तो निभावला.

चेरोकींना सैन्याने हुसकावले ते १८३८ मध्ये, पुढचे अध्यक्ष व्हॅन ब्युरन यांच्या कारकिर्दीत, असेही नेहमी सांगितले जाते. सुमारे सोळा हजार लोक घराबाहेर काढले गेले आणि त्यांतले सुमारे चार हजार मेल्याचा अंदाज सामान्यतः दिला जातो. पण ज्या कागदाच्या आधारे सैन्य निघाले, तो डिसेंबर १८३५ चा न्यू एकोटाचा तह जॅक्सन यांच्या प्रतिनिधीने एका छोट्या गटाशी केला होता. चेरोकींचे निवडलेले प्रमुख जॉन रॉस यांची त्यावर सही नव्हती. उलट तहाविरुद्ध पंधरा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज त्यांनी सादर केला. हा तह कोणाशी झाला आहे हे जॅक्सन यांना माहीत होते, तरी त्यांनी तो मंजुरीसाठी सिनेटकडे पाठवला आणि मे १८३६ मध्ये तो अवघ्या एका मताच्या फरकाने आवश्यक दोनतृतीयांश बहुमत मिळवून संमत झाला. इथे जॉर्जियाच्या वसाहतवाल्यांनी त्यांचा हात धरलेला नव्हता. तह परत पाठवण्याचा पर्याय त्यांच्या हातात होता आणि त्यांनी तो नाकारला.