हायलक्सपुढे पद्मिनी खेळणं? नाही पटलं
कुणीतरी म्हटलंय की टोयोटाच्या हायलक्स पिकअपपुढे जुनी प्रीमियर पद्मिनी कार म्हणजे खेळणं. ताकदीत मान्य. तिकडे २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच); इकडे १०८९ सीसी, जेमतेम चाळीस. पण दोन्ही गाड्यांच्या खाली वाकून बघा: इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना (हायलक्सला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांची ओढ, लावेपर्यंत), आणि दोन्ही गाड्यांना मागे लीफ स्प्रिंगच, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या! पिकअपमध्ये त्या ओझ्यासाठी कडक ठेवतात, म्हणून रिकामी गाडी ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत मागून उडते. शिवाय सव्वापाच मीटरहून लांब धूड नौपाड्यातल्या गल्लीत वळवणार कुठे? कुर्ल्यात बनलेली पद्मिनी चार मीटरच्या आत आहे, सहज वळते. तिचा कार्बोरेटरही (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) घरीच उघडून साफ करता येतो. सेफ्टीत मात्र तुलनाच नको. पोरांना घेऊन हायवेला निघालात, तर एअरबॅग आणि एबीएसवाली (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी) हायलक्सच काढा.