तारे, खनिजं, भाषा, प्रोग्राम: सगळीकडे उत्क्रांतीच चालते का?

चकमक:
ताऱ्यांची उत्क्रांती, भाषांची उत्क्रांती, यंत्रांची उत्क्रांती असं सर्रास वाचायला मिळतं. काळानुसार बदल होतो, एवढ्यापलीकडे या सगळ्यांत काही समान यंत्रणा आहे का? आणखी सुमारे ५ अब्ज वर्षांनी सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. हा बदल आणि जिराफाची लांब मान, दोन्ही एकाच जातीचे कसे? जाणकारांनी नीट सांगावं.

मुक्ता:
तारे आधी बाजूला काढा. ताऱ्याचं आयुष्य बरंचसं त्याच्या वस्तुमानावर ठरतं, तिथे निवड होतच नाही. निवडीतून उत्क्रांती व्हायला काय लागतं, याच्या तीन अटी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७० मध्ये मांडल्या: घटकांमध्ये फरक हवेत, त्या फरकांमुळे कुणी जास्त टिकावं वा जास्त संतती द्यावी, आणि ते फरक पुढच्या पिढीत उतरावेत. यात पेशी किंवा डीएनएची अट कुठेच नाही.

मी याच तत्त्वावरचे प्रोग्राम लिहिते, म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा. नासाने २००६ मध्ये एसटी-५ मोहिमेत पाठवलेल्या छोट्या उपग्रहांवरचा अँटेना असाच घडला होता. संगणकाने आराखडे तयार करायचे, तपासायचे, बरे निघालेले ठेवून त्यांत थोडे फेरफार करायचे, पुन्हा तपासायचे. शेवटी निघाली ती वेडीवाकडी वाकवलेली तार. माणसाने कागदावर अशी काढलीच नसती, पण काम चोख.

त्याहून मला हलवतो तो एड्रियन थॉम्पसन यांचा १९९६ चा प्रयोग. पुन्हा पुन्हा जुळणी बदलता येणाऱ्या एका चिपवर त्यांनी दोन स्वर ओळखणारं सर्किट याच पद्धतीने घडवलं. त्यातले काही भाग उरलेल्या सर्किटला जोडलेलेच दिसत नव्हते, तरी ते काढले की काम बिघडायचं. त्या विशिष्ट चिपचे भौतिक गुणही निवडीने वापरून घेतले होते, आणि ते कुणी शिकवलेलं नव्हतं! मेंदू नाही, हेतू नाही, तरी चातुर्य येतं. ते कुठून येतं हे एकदा आतून पाहिलं की जीवसृष्टीकडे बघण्याची नजरच बदलते.

वाटसरू:
पण खनिजांचं काय? खनिजशास्त्रज्ञ रॉबर्ट हेझन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलं की सूर्यमालेआधीच्या धुळीत जेमतेम डझनभर खनिजं होती. आज पृथ्वीवरची ५,००० हून अधिक ठाऊक आहेत, आणि त्यांतली बरीचशी सजीवांनी हवेत ऑक्सिजन सोडल्यामुळे तयार झाली. तिथे वारसा नाही, पण जे स्थिर ते टिकतं. ही निवड नाही का?

मुक्ता:
निवड आहे, पण कमी दर्जाची, असं माझं मत. हेझन यांचं काम मला मोलाचं वाटतं, तरी फरक पुसू नये. माझी कसोटी अशी: सगळं नष्ट झालं, तर परत येईल का? पृथ्वीवरचं सगळं क्वार्ट्‌झ वितळलं तरी योग्य तापमान-दाब मिळताच ते पुन्हा तसंच जमेल. त्याला पूर्वजांची गरजच नाही. डोडो मात्र सतराव्या शतकात गेला तो गेलाच. शेवटचा बोलणारा आणि शेवटची नोंद दोन्ही गेल्यावर भाषाही परत येत नाही. जिथे नकलेतून नक्कल होते आणि आधीच्या चुका-सुधारणा साठत जातात, तिथेच ही खरी प्रक्रिया.

आणि त्यासाठी जिवंत असावंच लागतं असंही नाही. जीवशास्त्रज्ञ सॉल स्पीगलमन यांनी १९६० च्या दशकात एका विषाणूचा आरएनए, नकला करणारं त्याचं विकर आणि कच्चा माल परीक्षानळीत घातला. थोडा वेळ नकला होऊ द्यायच्या, मग त्यातला थेंब पुढच्या नळीत. ७४ व्या नळीपर्यंत मूळ रेणूचा ८३ टक्के भाग गळून गेला होता. नळीत पेशी फोडायची नव्हती, आवरण बांधायचं नव्हतं. ज्याची नक्कल झटपट होते तोच उरला.

चकमक:
कसोटी पटली. एकच शंका. भाषा शेजारच्या भाषांतून शब्द उचलतात, प्राणी तसं करत नाहीत. मग तिथे वंशवृक्ष काढणं चुकीचं नाही का?

मुक्ता:
भाषांचा वृक्ष जर्मन भाषाशास्त्रज्ञ ऑगस्ट श्लायशरने १८५३ मध्येच काढला होता, म्हणजे डार्विनचा ग्रंथ येण्याच्या सहा वर्षं आधी. उसनवारीमुळे त्याच्या फांद्या एकमेकींत शिरतात हे खरं. पण जिवाणूही तेच करतात: प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं ते प्लाझ्मिडवरून (डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावरून) सरळ दुसऱ्या प्रजातीच्या जिवाणूला देतात. म्हणून जिवाणूंच्या वंशावळीतही अशा आडव्या रेघा ओढाव्या लागतात.