मदत हवी आहे: चवथीची खरेदी छोट्या व्हीगन उद्योजकांकडून कशी करावी?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या फोंड्याची. यंदा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) खाऊचे आणि भेटवस्तूंचे पैसे सुपरमार्केटऐवजी इथल्या लहान व्हीगन (दूध, तूप, मध असं प्राण्यांपासूनचं काहीही न वापरणाऱ्या) उद्योजकांकडे जावेत असं घरात ठरलंय. पातोळ्यांचा प्रश्नच नाही, तांदूळ, नारळ, गूळ आणि हळदीचं पान, त्या मुळातच व्हीगन! अडतं ते तुपातल्या नेवऱ्यांपाशी (म्हणजे करंज्यांपाशी) आणि दह्यापाशी.

आमच्या शेजारच्या एक ताई काजूच्या दुधाचं दही लावतात. छोट्या मडक्यात, वर केळीच्या पानाचा तुकडा बांधून. चव झकास, पण लगेच आंबतं, म्हणून ऑर्डरीशिवाय लावतच नाहीत. मला वाटतं, अशांना सणाच्या एकाच मोठ्या ऑर्डरीपेक्षा दर आठवड्याची छोटी पण ठरलेली ऑर्डर जास्त उपयोगी. आगाऊ पैसे दिले तर काजू उधारीवर आणावे लागणार नाहीत. कोणी स्वतः विकत असाल तर सांगा, हे खरं का? अ‍ॅपवरून मागवलं की कमिशन कापलं जातं, म्हणून मी थेट यूपीआय करते. (घासाघीस तर नकोच.)

दुसरं, २०२२ च्या नियमांत व्हीगन पदार्थांसाठी हिरव्या 'व्ही'चं चिन्ह आहे, पण घरगुती पुड्यांवर ते क्वचितच दिसतं. मग तूप, मध नाही ना, हे समोरच्याला न दुखावता कसं विचारता?

आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असं कोणी बसतं का? साधारण कुठल्या बाजूला?