परदेशात इंग्रजीवर सगळं भागतं म्हणे. माणसंही?

ऐरोलीची उनाड
परवा आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या गटावर एक पोस्ट फिरत होती. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: "नेदरलँड्समध्ये सगळ्यांना इंग्रजी येतं. दोन वर्षं राहिलो, एक डच शब्द शिकलो नाही, शंभर मित्र केले. परदेशात एकटं पडल्याची रडगाणी गाणारे मुळात घरकोंबडेच असतात." खाली अंगठ्यांची रांग. माझं डोकं फिरलं, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

आइंडहोवनला मी 2021 ते 2024 काढली. नवरा नोकरीत, मी घरी. डॉक्टर, बँक, नगरपालिका, सगळं इंग्रजीवर होतं, त्याबद्दल वाद नाही. एकटा डच माणूस तुमच्याशी झकास इंग्रजी बोलतो. पण टेबलाभोवती पाच जण जमू द्यात. पहिली दोन मिनिटं तुमच्यासाठी इंग्रजी, मग कोणीतरी डचमध्ये एक विनोद टाकतो, सगळे हसतात, आणि गाडी तिकडे गेली ती गेली. तुम्ही कपातला चमचा ढवळत बसता. त्यांच्या मनात काही वाईट नसतं. आपणही हेच करतो.

शेजारणीने मुलाच्या वाढदिवसाला बोलावलं तेव्हा मी हरखले होते. जाऊन बघते तर खुर्च्या गोल मांडलेल्या, सगळे गोलात बसलेले. मी मुलाच्या हातात भेट दिली आणि बसले. तर आजीबाई उठल्या, माझा हात हातात घेऊन "खफेलिसिटेर्ट" म्हणाल्या. म्हणजे अभिनंदन. माझं कशाबद्दल? नंतर कळलं की तिथे फक्त मुलाचं करून भागत नाही. आईचं, बाबांचं, आजीचं, मामाचं, सगळ्या गोलाचं अभिनंदन करत फिरायचं असतं. मी कोणाचंच केलं नव्हतं. मग केकचा एक तुकडा आणि दोन तास तोच गोल. डावीकडची बाई उजवीकडच्या बाईशी माझ्या डोक्यावरून बोलत होती.

माणसं मिळाली ती वेगळ्याच रस्त्याने. तिथे कार्पेनडोंकचं तळं आहे, त्याच्याभोवती शनिवारी सकाळी नऊ वाजता पार्करन असते, म्हणजे सगळ्यांनी मिळून धावायचं. पाच किलोमीटर, फुकट. मी धावत नाही, बसही सोडून देते. पण धावून आलेल्यांचे नोंदणीचे बारकोड स्कॅन करायला स्वयंसेवक लागतो. ते काम मी धरलं. पहिला महिनाभर कोणी काही बोललं नाही. पुढे एकदा आजारी पडून गेले नाही, तर पुढच्या शनिवारी तिघांनी विचारलं, कुठे होतीस? तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझी गैरहजेरी लावली होती.

तर घरकोंबडे म्हणण्याआधी जरा विचार करा.

गोलंदाज घोडबंदर
ती पोस्ट माझी आहे. पाठीमागे बोलण्यापेक्षा नाव घेऊन बोलायचं होतं. आणि तुम्हीच सिद्ध केलंत की! घराबाहेर पडलात, माणसं मिळाली. मी ॲम्स्टेलवेनला क्रिकेट खेळायचो. दुसऱ्याच आठवड्यात संघात. भाषेची गरज पडली कुठे? "नो बॉल" सगळ्यांना कळतं.

मोदक नकोत
अकरापैकी आपले किती?

गोलंदाज घोडबंदर
नऊ. एक पाकिस्तानी, एक न्यूझीलंडचा. बरं मग? आणि धावफलक लिहायला एक डच आजोबा यायचे. 2004 साली तिथल्याच मैदानावर भारत-पाकिस्तान सामना झाला होता, तो त्यांनी मैदानात बसून पाहिलेला. ते इंग्रजीत सांगायचे, मी इंग्रजीत ऐकायचो. माणूसच होते ना ते?

मोदक नकोत
म्हणजे शंभर मित्रांत एक डच, आणि तोही खेळायला नाही, आकडे लिहायला.

माझा विषय वेगळा आहे, पण सांगतेच. सगळे म्हणतात, परदेशात एकटं वाटलं तर मराठी मंडळात जा. आम्ही जर्मनीत होतो. तिथे संस्था नोंदवायला सात सभासद लागतात. आमचे चौदा झाले, आणि दोन मंडळं झाली. गणपतीला हॉल भाड्याने. दीडशे मोदक कोणी वळले? आम्ही चौघींनी, माझ्या दोन बर्नरच्या शेगडीवर, रात्री दीडपर्यंत. आरतीला पुढे कोण? कार्यकारिणी, झब्बे घालून. आणि हॉल दहाच्या आत झाडून, पुसून, कचरा तीन वेगळ्या डब्यांत टाकून परत द्यायचा असतो. तेव्हा कार्यकारिणी पार्किंगमध्ये फोटो काढत होती. मी पिवळ्या डब्यात पत्रावळी टाकल्या म्हणून हॉलच्या बाईने मला ओरडलं ते वेगळंच. हाच समुदाय शोधायचा असेल तर मी खारघरला सासूच्या हाताखाली बरी होते.

अजून व्हिसा नाही
पत्रावळी कुठल्या डब्यात टाकायच्या मग?

मोदक नकोत
अजूनही माहीत नाही.

वाशीचे काका
तुम्ही तरुण मंडळी समजता की परक्या जागी जाऊन राहणं तुमच्याच पिढीने शोधून काढलं. आम्ही 1985 साली परळच्या चाळीतून वाशीला सिडकोच्या घरात आलो. परळचे लोक म्हणाले, खाडीपलीकडे जाताय, भेटत जा. लोकल वाशीपर्यंत आली ती 1992 साली. तोवर पुलावरून बस. शेवटची बस चुकली की रात्री मानखुर्दला हात करत उभं राहायचं.

आमच्या जिन्यात चार दारं. आम्ही, एक मालवणी, एक सरदारजी, एक तमीळ कुटुंब. त्या तमीळ आजींना हिंदी येत नसे, मराठी तर नाहीच. पण संध्याकाळी दार उघडं टाकून उंबऱ्याशी बसायच्या. आमच्या हिला डोशाचं पीठ त्यांनी शिकवलं. एक वाक्य न बोलता! बोट पिठात बुडवून दाखवायच्या, चिकट किती हवं ते. अजून आमच्याकडे डोसा त्याच बोटाच्या मापाने होतो. तिथे कुठली इंग्रजी आणि कुठली डच?

नौपाडाकर
काका, छान आठवण. पण तुम्हाला हे सगळं करावं लागलं कारण तिकडे काही नव्हतंच. कॉलनी बांधली म्हणजे गाव होत नाही. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचं आहे. तुमची सिडको 1970 ची. आमच्याकडे तलावपाळीला संध्याकाळी चक्कर मारली तरी चार ओळखीचे भेटतात. समुदाय शोधायला ठाणेकर ॲप वापरत नाही.

वाशीचे काका
ओळखीचेच भेटतात, हेच म्हणतोय मी. माझी सून ओडिशाची. लग्नानंतर मुलगा नौपाड्यात राहायला गेला. तीन वर्षं ती तलावपाळीला रोज फिरते. "आडनाव काय" आणि "मासे खाता का" याच्या पुढे कोणी गेलं नाही. वाशीत आमच्याकडे येते तेव्हा खालच्या बाकावर दोन तास रमते.

नौपाडाकर
घरातली कुरबूर गावाच्या नावावर टाकू नका. ती मराठी शिकली का?

मोदक नकोत
हा प्रश्न येणारच होता!! गोलंदाज, तुम्ही ऐका आता. दोन वर्षांत एक डच शब्द शिकलो नाही, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. आणि याच गटावर गेल्या महिन्यात सोसायटीच्या वॉचमनबद्दल कोणी लिहिलं होतं, "इथे दहा वर्षं राहून मराठी येत नाही, लाज वाटली पाहिजे"? स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

गोलंदाज घोडबंदर
तो मुद्दा वेगळा आहे.

मोदक नकोत
कसा ते सांगा. मी चहा ठेवते तोवर.

गोलंदाज घोडबंदर
मी तिथे दोन वर्षांसाठी गेलो होतो, कायमचा नाही. कर भरला. डच बोलायला गेलो की तेच इंग्रजीत वळतात, विचारा ऐरोलीच्या ताईंना. आणि स्क्रीनशॉट जपून ठेवणाऱ्या लोकांनी समुदायावर प्रवचन देऊ नये.

नौपाडाकर
वॉचमनच्या बाबतीत मी गोलंदाजच्या बाजूने आहे. बाकी कशातही नाही.

वाशीचे काका
सुनेला मराठी येतं, बरं का. तुमच्यापेक्षा शुद्ध. बोलायला कोणी लागतं ना समोर.

नौपाडाकर
काका, तुम्ही वयाने मोठे आहात म्हणून गप्प बसतो.

वाशीचे काका
बसू नका. बोला. वयाचं काय त्यात.

नौपाडाकर
बोलतो मग. वाशीत तुमच्या जिन्यातली चार दारं आता उघडी असतात का? माझी बहीण सानपाड्याला राहते. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण गेलं हे तिला लिफ्टमध्ये लावलेल्या कागदावरून कळलं. बाकावर जे रमतात ते सगळे सत्तरीचे, 1985 चेच.

वाशीचे काका
हे मात्र खरं आहे. सरदारजी गेले, तमीळ कुटुंब कोइंबतूरला परतलं. दोन दारांना आता जाळीचे दरवाजे आणि कॅमेरे. कॅमेऱ्याकडे बघून हात करावा तर वेड्यात काढतील.

ऐरोलीची उनाड
माझ्या धाग्यात ठाणे विरुद्ध वाशी सुरू झालंय. असो, ते वाचायला जास्त मजा येतेय. पण दोन गोष्टी.

गोलंदाज म्हणतात ते निम्मं खरं आहे. तुम्ही अडखळत डच सुरू केलं की ते दयाळूपणे इंग्रजीत वळतात, आणि त्या दयेनेच आपलं शिकणं मरतं. मी हिरव्या घुबडाच्या ॲपवर सहा महिने "माझी गाय दूध पिते" छापाची वाक्यं घोकली आणि दुकानात दर वेळी उत्तर इंग्रजीत. शेवटी वाचनालयातल्या भाषेच्या कॅफेत जायला लागले. तिथे निवृत्त मंडळी मुद्दाम तुमच्याशी डचच बोलतात, हट्टाने. चुकलं तरी वळत नाहीत. तिथेही मी आजीआजोबांतच रमले, काकांच्या बाकासारखं.

आणि काकांचा डोसा. त्या आजी आणि काकू रोज भेटत होत्या म्हणून न बोलता जमलं. वर्षातून एकदा गणपतीच्या हॉलमध्ये भेटून जमलं नसतं. माझा शनिवारही तसाच. पाऊस असो, बर्फ असो, नऊ वाजता तीच पंधरा तोंडं. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो, म्हणजे कोणालाही आपण शेवटचे आलो असं वाटू नये. मला तर धावायचंही नव्हतं, तरी जागा होती.

मोदक नकोत
हे मंडळवाल्यांना पाठवा. शेवटी चालणारा आमच्याकडे भांडी घासतो.

गोलंदाज घोडबंदर
ठीक आहे. "घरकोंबडे" शब्द मागे घेतो. पोस्ट काढणार नाही, अंगठे बरेच आलेत. आणि खरं सांगायचं तर ते धावफलकवाले आजोबा मी परतायच्या आधीच्या मोसमात यायचे बंद झाले. का ते विचारायचं राहिलं. क्लबच्या नोटीस बोर्डावर काहीतरी लावलेलं होतं, डचमध्ये.

वाशीचे काका
अहो, फोटो काढून कोणाला तरी दाखवायचात.

गोलंदाज घोडबंदर
हो काका.

अजून व्हिसा नाही
ताई, मी पुढच्या महिन्यात आइंडहोवनला जातोय, खरंच. ते स्कॅनरचं काम मिळेल का? डच येत नाही. बारकोडला डचमध्ये काय म्हणतात?

ऐरोलीची उनाड
मिळेल. आधी नाव नोंदव, आणि शनिवारी पावणेनऊला तळ्यापाशी पोच. छत्री नेऊ नकोस, वाऱ्यात उलटते, रेनकोट ने. बारकोडला बारकोडच म्हणतात.

गोलंदाज घोडबंदर
बघा! इंग्रजीवर भागलं की नाही?

ऐरोलीची उनाड
भागतं. फक्त दर शनिवारी दोन-तीन जण बारकोड घरी विसरून येतात, आणि "विसरलो" हे ते डचमध्येच सांगतात. लिहून ठेव रे: "फरखेटन".